पुलापलीकडे मांडलेलं पान

शोगीच्या डावात हार कबूल करायची ती हरणाऱ्यानंच. आपल्या राजाला आता वाट उरलेली नाही हे ज्याच्या ध्यानात येतं, तो मान झुकवून ‘हरलो’ म्हणतो आणि डाव तिथं संपतो. जपानी बुद्धिबळाचा हा शिरस्ता आहे. चिका उमिनो यांची ‘सांगात्सु नो रायोन’ ही चित्रकथा, म्हणजे मांगा, अशाच एका डावानं उघडते. पटाच्या एका बाजूला सतरा वर्षांचा व्यावसायिक खेळाडू रेइ किरियामा आणि दुसऱ्या बाजूला कोदा नावाचे प्रौढ खेळाडू. दोघांत बोलणं फारसं होत नाही. कोदा हरतात. अनाथ झालेल्या रेइला घरी आणून वाढवणारे, खेळात घडवणारे हेच कोदा. जिंकलेला मुलगा तिथून निघतो तो बापावर हात उचलून आल्यासारखा.

ही मालिका २००७ पासून ‘यंग अ‍ॅनिमल’ या नियतकालिकात येऊ लागली. २०११ साली तिला मांगा ताइशो आणि कोदान्शा हे दोन्ही पुरस्कार मिळाले, २०१४ साली तेझुका ओसामु पुरस्काराचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढे एनएचके या जपानी वाहिनीवर २०१६ ते २०१८ या काळात तिचे ४४ भाग झाले आणि २०१७ मध्ये दोन भागांचा चित्रपट आला. जपानमध्ये शोगीचा ‘श’ माहीत नसलेल्यांनीही ही गोष्ट वाचली, आणि मला वाटतं त्याचं कारण सरळ आहे. खेळात असामान्य असलेलं मूल माणसांत एकटं कसं पडतं आणि त्याला माणसं परत कशी मिळतात, याचा इतका सविस्तर आणि प्रामाणिक हिशेब दुसरीकडे क्वचितच मांडलेला दिसतो. आपल्याकडे दर सुट्टीत बुद्धिबळाच्या स्पर्धांना मुलांची झुंबड उडते, म्हणून ही गोष्ट मराठी घरांपर्यंत पोचावी असं मनापासून वाटतं.

आधी हा धंदा कसा चालतो ते बघू. जपानमध्ये व्यावसायिक शोगी खेळाडू होण्याचा राजरस्ता ‘शोरेइकाई’ नावाच्या संस्थेतून जातो. ही जपान शोगी संघटनेची उमेदवारांची शाळा. आत यायला एखाद्या व्यावसायिक खेळाडूनं शिष्य म्हणून पत्करावं लागतं. गुरूशिवाय अर्जच होत नाही. बहुतेक मुलं प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत दाखल होतात. तिथं एकमेकांना हरवत वर चढायचं. तिसऱ्या ‘दान’पर्यंत, म्हणजे श्रेणीपर्यंत, पोचलेल्यांची वर्षातून दोनदा साखळी स्पर्धा होते आणि प्रत्येक वेळी पहिल्या दोघांना चौथं दान मिळतं. चौथं दान मिळालं की माणूस व्यावसायिक. म्हणजे या वाटेनं अख्ख्या देशातून वर्षाला साधारण चार जण. सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत ते जमलं नाही तर, काही सवलती सोडता, बाहेर पडावं लागतं. दहा-बारा वर्षं दुसरं काही न केलेला तरुण एका संध्याकाळी दप्तर आवरून घरी जातो. सेगावा शोजी १९९६ मध्ये असेच बाहेर पडले. त्यांनी नोकरी धरली, हौशी खेळाडू म्हणून व्यावसायिकांना पुन्हापुन्हा हरवलं आणि विशेष परीक्षा देऊन २००५ मध्ये पस्तिसाव्या वर्षी व्यावसायिक झाले. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

या चाळणीतून माध्यमिक शाळेत असतानाच पार होणारे विरळा. मालिका सुरू झाली तेव्हा खऱ्या जपानात असे चौघे होते: १९५४ मध्ये कातो हिफुमी, १९७६ मध्ये तानिगावा कोजी, १९८५ मध्ये हाबु योशिहारु आणि २००० मध्ये वातानाबे अकिरा. उमिनोंनी आपल्या रेइला इतिहासातला पाचवा केलं. पुढे २०१६ मध्ये फुजिई सोता हा चौदा वर्षांचा मुलगा खराखुरा पाचवा झाला, पहिल्याच सामन्यात त्यानं ७६ वर्षांच्या कातोंना हरवलं आणि तिथून सलग २९ डाव जिंकला. २०२३ मध्ये सगळे आठ किताब त्याच्या हाती आले. कागदावरच्या मुलाच्या मागोमाग हाडामांसाचा मुलगा आला तेव्हा जपानी वाचकांना केवढं नवल वाटलं असेल! पण फुजिईची गोष्ट यशाची आहे. रेइची नाही.

रेइचे आईवडील आणि धाकटी बहीण एका अपघातात गेली. नातेवाइकांत या मुलाचं काय करायचं याची कुजबुज चाललेली असताना वडलांचे जुने मित्र कोदा त्याच्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं, तुला शोगी आवडते का? मुलानं हो म्हटलं. ते खोटं होतं. राहायला घर मिळवायचा तेवढा एकच मार्ग त्या क्षणी त्याला दिसला. माझ्या मते संपूर्ण मालिकेची नाडी या एका उत्तरात आहे. पुढे रेइ जे जे जिंकतो ते त्या खोट्याचं भाडं असतं. घरात राहायचं तर खेळावं लागेल आणि खेळायचं तर जिंकावं लागेल.

आणि तो जिंकत गेला तसं घर फुटत गेलं. कोदांची दोन मुलं, क्योको आणि आयुमु, दोघंही शोगी खेळायची. बाहेरून आलेला मुलगा दोघांच्याही पुढे गेला. बापानं आपल्या मुलीला खेळ सोड म्हणून सांगितलं. क्योको संतापी, बोचरं बोलणारी, रेइला छळणारी आहे; पण उमिनोंनी तिला दुष्ट ठरवून हातावेगळं केलेलं नाही. बापाच्या नजरेत जागा मिळवायला तिच्याकडेही पटाशिवाय दुसरं काही नव्हतं आणि ते तिच्या हातून गेलं. आपण घरटं बळकावलं ही जाणीव रेइला शाळकरी वयातच झाली. कमवायला लागताच तो घराबाहेर पडला, नदीकाठच्या एका इमारतीत जवळजवळ रिकाम्या खोलीत एकटा राहू लागला. हाताशी पैसा आहे, नावलौकिक आहे आणि दिवसभरात हाक मारणारं कुणी नाही.

गुणवान मुलाच्या एकटेपणाबद्दल आपण बहुधा असं बोलतो की बुद्धी वेगळी म्हणून जुळत नाही, बरोबरीचं कुणी मिळत नाही. रेइच्या गोष्टीत दुखणं निराळं आहे. त्याला घरात घेतलं ते त्याच्या गुणासाठी, अशी त्याची समजूत आहे. मग गुण गेला तर आपण कोण, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाही. स्पर्धेच्या जगात वाढणाऱ्या किती मुलांच्या छातीवर हा प्रश्न बसलेला असतो! ती बोलत नाहीत. आईबापांनाही वाटतं, मूल शांत आहे, अभ्यासू आहे.

गोष्ट घडते तो तोक्योचा जुना भाग आहे. सुमिदा नदी, तिच्यावरचे पूल, एका बाजूला शिनकावा आणि दुसऱ्या बाजूला त्सुकिशिमा-त्सुकुदाच्या गल्ल्या. उमिनोंनी वस्त्यांना काल्पनिक नावं दिली असली तरी चुओ ओहाशी पुलावरून चालणाऱ्याला चित्रातली चौकट न चौकट ओळखू येते. रेइ राहतो त्याच्या समोरच्या काठावर कावामोतोंचं घर आहे. तीन बहिणी: थोरली अकारी, शाळकरी हिनाता, बालवाडीतली मोमो. आई वारलेली, बाप घर सोडून गेलेला. आजोबा जपानी मिठाईचं छोटं दुकान चालवतात. अकारी दिवसा दुकानात हातभार लावते आणि काही संध्याकाळी मावशीच्या बारमध्ये काम करते. मोठ्या खेळाडूंनी दारू पाजून रस्त्यात सोडून दिलेला रेइ तिच्या दृष्टीस पडला. तिनं त्याला घरी आणलं, निजवलं. तेव्हापासून त्या घरी त्याचं पान मांडलं जाऊ लागलं.

उमिनो जेवण काढतात तेव्हा त्यांचा हात सढळ होतो. रस्सा उकळतोय, भाताची वाफ निघतेय, मांजरं पायांत घोटाळताहेत, मोमो मांडीवर चढून बसलीय. तोपर्यंत चौकटी पांढऱ्या आणि मोकळ्या असतात; या घरात शिरताच त्या गच्च भरतात. शोगीत रेइ केवढा मोठा आहे हे त्या मुलींना नीटसं कळतही नाही. त्यानं यावं, जेवावं, जाताना डबा न्यावा, एवढीच अपेक्षा. आणि तिथं त्याला आणखी एक गोष्ट दिसते. देव्हाऱ्यापुढं हसतमुखानं बसणारी ही माणसंसुद्धा माणसं गमावलेली आहेत. दिवा मालवल्यावर तीही रडतात. त्याला दयेनं जवळ केलेलं नाही, दुःख माहीत असलेल्या घरानं जवळ केलं आहे. तरी तो बराच काळ उंबऱ्यावर घुटमळतो. इथंही आपण कुणाची तरी जागा घेत नाही ना, ही भीती त्याला सोडत नाही. आश्रय मिळाला की माणूस लगेच मोकळा होतो असं खोटं चित्र उमिनो रंगवत नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

खुद्द खेळही माणसं देतो, पण त्यासाठी समोर बघावं लागतं. एका स्पर्धेत रेइचं सगळं लक्ष पुढच्या फेरीत येऊ शकणाऱ्या गोतो नावाच्या खेळाडूवर लागलेलं असतं. आधी शिमादा काइ यांना हरवायचं असतं, पण त्यांना तो धड मोजतच नाही. शिमादा शांतपणे त्याला नमवतात. शरमेनं चूर झालेला मुलगा पुढे त्यांच्याच दारी जातो आणि अभ्यासमंडळात घ्या म्हणतो. शोगीत अशी मंडळं खरोखरच असतात. उद्या पटावर समोरासमोर येणारे आज एका घरात बसून चाली तपासतात. डाव संपल्यावरही हीच रीत. हरलेला आणि जिंकलेला लगेच उठून जात नाहीत. सोंगट्या मागं नेऊन कुठं काय चुकलं, कुठं वेगळी वाट होती, हे दोघं मिळून शोधतात. याला ‘कान्सोसेन’ म्हणतात. काही सामन्यांत विचाराला दोघांना सहा-सहा तास असतात, डाव मध्यरात्र उलटून संपतो, तरी ही तपासणी होते. ज्यानं आपल्याला हरवलं त्याच्याशी त्याच रात्री शांतपणे बोलायला शिकवणारी ही शिस्त मला शोगीतली सर्वात मोलाची गोष्ट वाटते. आपल्या मुलांच्या स्पर्धांतही डावानंतर दोघांना पटापाशी बसवायची सक्ती असावी.

रेइचा स्वयंघोषित जिवलग मित्र निकाइदो हारुनोबु गोलमटोल, श्रीमंत घरचा आणि लहानपणापासून आजारी आहे. दूरदर्शनवर रेइच्या डावाचं समालोचन करताना तो भान विसरून ओरडतो, स्वतःला जप, असा अंगावर घेऊन खेळू नकोस. शोगी जाणणाऱ्या वाचकाला त्याच्यात मुरायामा सातोशी लगेच दिसतात. हिरोशिमाकडचा हा मुलगा पाचव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकारानं अंथरुणाला खिळला. इस्पितळात वडलांनी आणून दिलेल्या शोगीच्या पटानं त्याला वेड लावलं आणि तो रुग्णशय्येवरच पुस्तकं वाचून खेळ शिकला. पुढे ओसाकाला मोरी नोबुओ या गुरूंकडे गेला. मोरी स्वतः तेव्हा अविवाहित, बेतास बात कमाईचे खेळाडू. तापानं फणफणलेल्या शिष्याचे कपडे ते हातानं धूत, त्याला हवी ती मांगा पुस्तकं दुकानं पालथी घालून आणून देत. मुरायामा सर्वोच्च ‘अ’ वर्गापर्यंत पोचले आणि ८ ऑगस्ट १९९८ रोजी एकोणतिसाव्या वर्षी कर्करोगानं गेले. त्यांच्यावर ओसाकी योशिओ यांनी लिहिलेलं पुस्तक २००० साली आलं, २०१६ साली चित्रपट झाला. गुरूनं शिष्याची सेवा करावी, हे नातं वाचताना डोळे भरून येतात. मोरींनी त्याला चाली किती शिकवल्या कोण जाणे. त्याला कुणीतरी आहे, एवढं मात्र त्यांनी शेवटपर्यंत कमी पडू दिलं नाही.

आता हिनाताकडे येतो, कारण रेइला जगण्याचा हेतू देणारी तीच आहे. शाळेत तिच्या मैत्रिणीला वर्गातल्या मुली वाळीत टाकतात, मैत्रीण शाळा सोडून जाते. हिनाता तिच्या बाजूनं उभी राहिली म्हणून आता तिची पाळी येते. रात्री नदीकाठी ती धाय मोकलून रडते. भीती वाटते, पोटात दुखतं, पण आपण केलं ते चूक नाही हे तिचं म्हणणं सुटत नाही. रेइ स्वतः शाळेत असाच एकटा पाडलेला मुलगा होता. तेव्हा त्याच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नव्हतं. ही मुलगी आज दुसऱ्या कुणासाठी उभी आहे, आणि त्या धैर्यानं आपल्या आतलं जुनं मूल सुटलं, असं त्याला वाटतं. त्या क्षणी तो मनाशी ठरवतो की हिला एकटं सोडायचं नाही.

पुढचं सगळं त्याच्या स्वभावाला धरून, जरा वेंधळं आणि फार गोड आहे. शाळा बदलावी लागली तर पैसे लागतील, म्हणून तो बक्षिसांच्या रकमांचा हिशेब मांडतो. आपल्या हायस्कूलमधल्या हायाशिदा सरांचा सल्ला घेतो. प्रौढ माणसाला मदत मागायची असते हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं. हिनाता शाळेच्या सहलीला क्योतोला गेलेली असताना तो आपला सामना आटोपून थेट तिकडे जातो, पोटाची औषधं घेऊन, आणि कामो नदीच्या काठी एकटी बसलेली हिनाता त्याला सापडते. तिला त्याचा उपयोग किती झाला? शाळेतला प्रश्न शेवटी शिक्षकांच्या हस्तक्षेपानं सुटतो, रेइच्या पराक्रमानं नव्हे, आणि रेइला ते कळतं. तरीही तिच्यासाठी धावण्यानं तोच बदलतो. त्याच सुमारास नव्या दमाच्या खेळाडूंची स्पर्धा तो जिंकतो आणि या वेळी पहिल्यांदा जिंकल्याची बातमी कुणाला तरी सांगायची असते.

मुलाला हेतू सापडायला हवा, असं आपण म्हणतो आणि हेतू म्हणजे ध्येय, पदक, किताब असं धरून चालतो. रेइकडे ध्येय पहिल्यापासून होतं. त्याला उणीव होती ती आपली गरज असलेल्या माणसाची. कुणाच्या तरी उपयोगी पडण्याची संधी एकट्या मुलाला जेवढं सावरते तेवढं कौतुक सावरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं कागदावरचं म्हणून सोडून देता येणार नाही. मालिकेतल्या डावांची बाजू सांभाळणारे सल्लागार सेन्झाकी मानाबु हे स्वतः नऊ-दान खेळाडू. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांना तीव्र नैराश्यानं गाठलं. इस्पितळात राहावं लागलं, खेळातून रजा घ्यावी लागली. चाळिशी उलटलेल्या या पट्टीच्या खेळाडूला नवशिक्यांची मात-कोडीसुद्धा सुटेनात. मानसोपचारतज्ज्ञ असलेला भाऊ पाठीशी उभा राहिला, सहकारी येऊन सरावाचे डाव खेळत राहिले आणि २०१८ मध्ये ते स्पर्धेत परतले. आपल्या आजाराची हकिगत त्यांनी त्याच वर्षी नावानिशी पुस्तकात लिहिली. जिथं सगळी कमाई डोक्याच्या चलाखीवर आहे तिथं असं लिहायला छाती लागते.

शोगी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तिचंही मूळ भारतातल्या चतुरंगात आहे. साधारण १०३० मध्ये अल-बिरुनीनं भारतात पाहिलेल्या पटावरचा हत्ती एक घर सरळ किंवा एक घर तिरका चालायचा. चार पाय आणि सोंड मिळून पाच घरं, असं त्यानं नोंदवून ठेवलं. शोगीतल्या ‘रुपेरी सेनापती’ची चाल अगदी तीच आहे. जपाननं त्यात आपली भर घातली. ८१ घरांच्या पटावर दोन्हीकडच्या वीस-वीस सोंगट्या एकाच रंगाच्या असतात, टोक कुणाकडे यावरून धनी ओळखायचा. आणि मारलेली सोंगटी डावाबाहेर जात नाही. मारणारा ती आपल्या बाजूनं पुन्हा पटावर मांडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनी शोगीला युद्धखोर खेळ ठरवू पाहिलं, तेव्हा मासुदा कोझो या खेळाडूनं हाच नियम पुढे केला: तुमच्या बुद्धिबळात मारलेला मरतो, आमच्यात त्याला काम मिळतं. ही हकिगत खुद्द मासुदांनीच सांगितली आहे.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिलं. तिच्या पाठोपाठ आता गावोगावची मुलं पटाशी बसतील, बसायलाच हवीत. त्यांच्या आईबापांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. ही मालिका मुलासोबत बसून पाहा किंवा वाचा, घाई न करता. दुसऱ्या हंगामातला हिनाताच्या शाळेचा भाग मोठा आणि जड आहे, तो गाळू नका. आणि घरात, वर्गात, गल्लीत त्या मुलाला पटाशी संबंध नसलेलं एखादं काम नेमून द्या, जे त्यानं केलं नाही तर कुणाचं तरी खरोखर अडेल.